बोहारणीने परत केलेलं आम्हाला नको

बडोद्यात लोकांनी दिलेल्या वस्तू गोळा करून ज्यांना लागतात त्यांच्यापर्यंत पोचवणारी एक वखार आहे, तिचा कारभार मी बघते. त्याआधी २८ वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं, त्यामुळे मोजल्याशिवाय मला झोप लागत नाही. गेल्या अंकात वखारीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठा आला. निम्मी पत्रं रागाची. ती आधी घेते.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या दोन ट्रंका कपडे तुमच्याकडे दिले. आठ दिवसांनी तुमच्या मुलाने त्यातलं एक पोतं परत आणून दारात ठेवलं. दान परत करायची ही कुठली रीत? – एक वाचक, कारेलीबाग

वहिनी, पोतं परत पाठवलं ते मी. त्या पोराला बोल लावू नका, तो "मला नाही जमायचं हे" म्हणून तासभर अडून बसला होता.

पोत्यात काय होतं सांगू? हुक गेलेली एकोणीस पोलकी. नाडी नसलेले परकर. एकाच पायाच्या दोन सपाता. बरणीचं झाकण. आणि तळाशी, पंच्यात गुंडाळलेला सासूबाईंचा चष्मा, उजवी काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. म्हणजे भरताना कोणी आत बघितलंच नव्हतं. कपाट उलटं केलं, तोंड बांधलं, दिलं पाठवून. चष्मा कदाचित तुम्हाला ठेवावासा वाटेल, म्हणून पोतं जसं होतं तसं परत केलं. नको असेल तर तसं कळवा, जुन्या फ्रेम घेणारे आहेत.

पोलक्यांचं म्हणाल तर एका बाईच्या मापाचं पोलकं दुसरीला बसलेलं मी तरी पाहिलं नाही. दोन बहिणींत जमत नाही ते!

बोहारीण आठवते ना? आमच्या वाड्यात दुपारी यायची, डोक्यावर भांड्यांची टोपली. आईच्या ओट्यावर बसून ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरायची. काखेची शिवण दोन बोटांनी ओढून बघायची. काठ विरला असेल तिथे आतून नख लावून दाखवायची, आणि "आ नहीं चाले, बेन" म्हणून बाजूला सारायची. पातेलं हवं असायचं, त्यामुळे आई तिच्यापुढे धड तेवढंच काढायची. तिने सारलेला ढीग मग दिवाळीच्या आधी "गरिबाला" जायचा. मी तेव्हा लहान होते, पण ही वाटणी उलटी आहे एवढं कळायचं. आता वखारीत निवडायला बसणाऱ्या बायकांना मी एकच सांगते, तिच्यासारखं बघा.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कारखान्याच्या ट्रकबरोबर मी भचाऊपर्यंत गेले होते. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडले होते. नुसते पडलेले. टाय, पार्टीचे फ्रॉक, टाचांचे बूट. कच्छी बायका घागरा नेसणाऱ्या, त्यांनी ते करायचं काय? एका ढिगावर गाय बसली होती, ऊब लागत होती बिचारीला. हे कपडे तिथवर नेणाऱ्या ट्रकांचं डिझेल, चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची मजुरी, अडलेला रस्ता, सगळं कोणीतरी भरलंच ना.

तुमची दुसरी ट्रंक मात्र सोन्यासारखी निघाली, ते त्या पोराने सांगितलं नसेल. धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या चौदा सुती नऊवाऱ्या. एका नऊवारीतून आठ दुपटी निघतात. विरलेला भाग काढला तरी सहा. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या कित्येक बायका रिकाम्या हाताने आलेल्या असतात, बाळ गुंडाळायला त्यांच्याकडे स्वतःचा पदर. नव्या बाजारी दुपट्यात खळ असते, ती अंगाला टोचते. तुमच्या सासूबाईंच्या लुगड्यांची ऐंशीच्या वर दुपटी झाली, आणि उरलेल्या चिंध्या गोधडीच्या पोटात गेल्या. जरीचा शालू तेवढा बाजूला ठेवलाय. तो आम्ही कोणाला देणार? जुनी जर वजनावर घेणारे अजून आहेत, तुम्हीच विका. त्या पैशाच्या सोलापुरी चादरी घेऊन आलात तर चहा पाजीन.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर गळाभर पाणी होतं. चौथ्या दिवशी वाटपाच्या रांगेत उभी राहिले. पाकीट हातात देताना त्यांनी फोटो काढला, तो नातेवाइकांपर्यंत फिरला. मी निवृत्त शिक्षिका. नको म्हणायला हवं होतं का? – एक वाचक, समा

बाई, नको कशाला म्हणायचं? भूक लागली होती, घरात कोरडं काही नव्हतं, रांग लागली, उभ्या राहिलात. चूक फोटो काढणाऱ्याची.

बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या आठवड्यात नदी ३५ च्या वर गेली. जुलैमध्ये आमच्याकडे धान्याची पोती देऊन गेलेली माणसं ऑगस्टमध्ये रांगेत होती, आणि मान खाली घालून उभी होती. मला त्यांना ओळख दाखवावी की न दाखवावी हेच कळेना. शेवटी मी चष्मा काढून ठेवला. खोटं नाही सांगत, चष्म्याशिवाय मला पाच हातांवरचा माणूस ओळखू येत नाही.

देणाऱ्याला पुरावा हवा असतो, तेही मला कळतं. पैसे घेऊन पसार झालेले सगळ्यांनी पाहिलेत. आम्ही त्याला मालाचा फोटो देतो, भरलेल्या टेम्पोचा. बरोबर वाटपाच्या वहीचं पान, ज्यात नाव झाकलेलं, घर क्रमांक आणि सही दिसते. एका दात्याने "चेहरे नसतील तर देणगी नाही" म्हणून सांगितलं. मग नाही तर नाही. त्या वेळी ते दोनशे किलो तेल होतं आणि मला त्या रात्री फार जड गेलं, हेही लिहून ठेवते.

त्या पुरात माझीही एक चूक झाली. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरवर घालून तांदूळ, तूरडाळ, पिठाच्या पिशव्या पाठवल्या, आणि आपण केवढे तत्पर म्हणून खूश होते. मुजमहुड्याच्या बाजूला एका घरातून पहिल्या मजल्यावरून बाईने बादलीला दोरी बांधून खाली सोडली. खाली कोण उतरणार, पाण्यात नदीतली मगर असेल या धास्तीने माणसं जिन्याच्या पायरीवरसुद्धा पाय ठेवत नव्हती. बादली वर गेली, तिने पिशवीत हात घातला आणि वरून विचारलं, "काकू, शिजवू कशावर?" सिलिंडर तरंगत बोळाच्या टोकाला गेलेला, काडेपेटीचा लगदा, वीज नाही, प्यायचं पाणीही मोजून. मी ट्रॅक्टरवर उभी, उत्तर काय देणार?

त्या संध्याकाळपासून वखारीच्या मागे सुखडीच्या कढया चढल्या. कणीक तुपात भाजायची, गूळ घालायचा, थापायची, वड्या पाडायच्या. गुजरातेत संकट आलं की सुखडी होते, ती उगाच नाही. पाण्याचा थेंब नसतो म्हणून टिकते, चमचा लागत नाही, म्हाताऱ्यालाही चावता येते आणि पोरंही खातात. जोडीला गाठ्या आणि पाण्याच्या बाटल्या. आता आमच्या भिंतीवर क्रमच लिहिलाय. पहिले तीन दिवस तयार खाणं, पाणी, मेणबत्ती, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली काडेपेटी. पाणी उतरलं की खराटा, फिनेल, बादली, चटई. धान्य त्याच्यानंतर. खराटे तर कधीच कोणी देत नाही, ते आम्हाला विकत आणावे लागतात. पूर ओसरलेल्या घरात वीतभर गाळ असतो, त्याला तांदूळ काय करणार.

दोन-दोनदा नेणारे, नेऊन विकणारे असतात असं ऐकतो. खरा गरजू कसा ओळखता? – एक देणगीदार, मांजलपूर

असतात. माझ्याच हाताने निळ्या पेनची फुली मारलेली तेलाची पिशवी मी कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानात पाहिली. नावावरून माणूस सापडला, रिक्षावाला. मी चांगलीच तापले होते. तो ओशाळला वगैरे नाही. म्हणाला, "मावशी, तेल नसलं तर वरण बिनफोडणीचं खातो. रिक्षाची वायरिंग पाण्याने गेली, ती कशाने आणू?"

माझा राग गेला नाही. आजही नाही गेला, तेल विकलं ते विकलंच. पण यादी मी बदलली. गहू-तांदूळ कमी केले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात, म्हणजे २०१३ च्या, ज्यांचं कार्ड बसतं त्यांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळतंच, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. तेल, साबण, मसाला, बायकांचे पॅड, पोराची चप्पल हे रेशनच्या दुकानात मिळत नाही. तेव्हा धान्याचा भार आता ज्यांचं कार्डच नाही किंवा कार्डात सुनेचं, नातवाचं नाव चढलेलं नाही अशांसाठी. आणि दुरुस्तीचं काम असेल तर बिल आम्ही थेट गॅरेजवाल्याला देतो. त्या वर्षी सात रिक्षा, दोन शिलाई मशीनं आणि एक इस्त्रीची गाडी झाली.

वर्षाअखेर मोजणीत माल कमी भरतो, त्याचं मोठं कारण दोनदा नेणारे नाहीत, भाऊ. उंदीर, फाटलेल्या पिशव्या आणि आमच्याच स्वयंसेवकांच्या बेरजा.

यजमानांची महागडी औषधं उरली आहेत, काही पाकिटं न उघडलेली. इन्शुलिनही आहे. कोणाच्या तरी कामी येतील. – रावपुरा

नाही घेत. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ मध्ये काढली, त्यात रुग्णाकडून परत आलेली औषधं पुढे देऊ नयेत असं आहे, आणि दान आलेल्या औषधाची मुदत किमान वर्षभर शिल्लक हवी असंही आहे. इन्शुलिन २ ते ८ अंशांत राहिलं की मधल्या धावपळीत बाहेर पडून राहिलं, हे पाकीट बघून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

वॉकर, कमोडची खुर्ची, कुबड्या, हवेची गादी असेल तर आजच फोन करा. या वस्तू आम्ही देऊन टाकत नाही, वापरायला देतो आणि परत घेतो. आमचा एक वॉकर आतापर्यंत अकरा घरांत फिरलाय. फक्त पायांची रबरं झिजली नाहीत ना ते बघा. फरशीवर सरकणाऱ्या वॉकरपेक्षा भिंत बरी.

कपडे-धान्य दिल्यावर आयकरात सवलत मिळवून देणारी ८०-जीची पावती का देत नाही? – अलकापुरी

वस्तूंच्या दानावर ती सवलत नाही, म्हणून. पैशाच्या देणगीवर आहे, तीही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच. त्याहून जास्त असेल तर चेकने किंवा ऑनलाइन द्या. आणि आयकराची नवी पद्धत घेतली असेल तर ही वजावट मिळत नाही, हे तुमच्या सीएने सांगायला हवं होतं.

आमच्या गणेश मंडळाला वर्षभरासाठी अशी छोटी वखार काढायची आहे. एका वाड्याची खालची खोली मिळाली आहे. सुरुवात कशी करू? – काही कार्यकर्ते, दांडिया बाजार

पोरांनो, आधी त्या खोलीच्या भिंतीला हात लावून बघा. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, तेव्हा त्या वाड्यात पाणी कुठवर चढलं होतं ते तिथल्या कोणा जुन्या भाडेकरूला विचारा. त्या जागी खडूने रेघ ओढा. रेघेच्या खाली काहीही ठेवायचं नाही, रिकामी बादलीसुद्धा नाही. आम्ही ती रेघ नंतर ओढली. त्या रात्री खालच्या थरातली पोती भिजली, आणि सकाळी गव्हाला मोड आल्यासारखा वास येत होता.

माल जमिनीवर नको, लाकडी पॅलेटवर हवा. भिंतीपासून हात जाईल इतकी फट ठेवा. ओल भिंतीतून येते, उंदीर भिंतीच्या कडेने येतो, आणि झाडू मारणाऱ्या माणसाला जागा लागते. पिठाच्या शेजारी साबण किंवा धुण्याची पावडर कधीच नाही. आम्ही एकदा ठेवली होती. चाळीस घरांत निरम्याच्या वासाच्या पोळ्या झाल्या आणि त्यातल्या एका आजोबांनी मला बोलावून घेऊन एक खायला लावली. खाल्ली.

गव्हाला आणि तूरडाळीला दिवेल चोळा. इथे एरंडेलाला दिवेलच म्हणतात, दुकानात तसंच मागा. तळहाताला चिकटेल इतपत, दाणा भिजेल इतकं नाही. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला. पॅकबंद वस्तूंवर मुदतीचा महिना-वर्ष जाड पेनने पुढच्या बाजूला लिहा. आधी आलेलं आधी बाहेर हा कारखान्याचा नियम इथे पुरत नाही, कारण लोक कपाट आवरताना संपत आलेलं आधी देतात. काल आलेल्या बिस्किटांची मुदत परवाची असू शकते. म्हणून इथे जे आधी संपणार ते आधी बाहेर. प्रत्येक मालाच्या थप्पीला बिन कार्ड लटकवा. आलं किती, गेलं किती, शिल्लक किती, सही. वही टेबलावर असते आणि माल खोलीच्या त्या टोकाला, मग लिहायचं राहतं. कार्ड थप्पीलाच असलं की हात तिथेच जातो.

घराला किती द्यायचं हे अंदाजाने ठरवू नका. आपत्तीत काम करणाऱ्या संस्था जी 'स्फिअर' मानकं वापरतात त्यांत माणशी महिन्याला अंगाचा साबण २५० ग्रॅम आणि कपड्यांचा २०० ग्रॅम धरलाय. पाच जणांच्या घराला म्हणजे नुसत्या अंगाच्या साबणाच्याच १२५ ग्रॅमच्या दहा वड्या. पूर्वी मी घरटी दोन देत होते आणि वर हात सैल सोडला असं मला वाटायचं.

उरलेल्या प्रसादाच्या जेवणाचं विचारलंय तुम्ही. घेऊ शकता, पण त्याला एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत. वेगळं ठेवायचं, काय आहे आणि कधी केलंय याची चिठ्ठी लावायची, नोंद ठेवायची. सुरुवातीला त्या भानगडीत पडू नका. गणपतीच्या दहा दिवसांत तुमच्यातला एक तरी झोपलेला असतो का? तुम्ही चिठ्ठ्या लावेपर्यंत बासुंदी नासायची.

आणि दार वर्षभर उघडं ठेवू नका. आठवड्यातला एक वार घेण्याचा, एक वार देण्याचा. दारावर फळा लावा: "या आठवड्यात हवं". आमच्या फळ्यावर आज आहे: चपला ६ ते ९ नंबर, स्टीलची ताटं, तेल. त्याखाली: "कपडे पुरेत".

नातवंडांच्या जुन्या वह्या-पुस्तकं आणि माझी मराठी पुस्तकं देऊ का? – एक आजोबा, अकोटा

आजोबा, शाळेची पुस्तकं याच वर्षीच्या अभ्यासक्रमाची असतील तरच. मराठी पुस्तकांना आमच्या वखारीत गिऱ्हाईक नाही, हे लिहिताना बोट अडतंय, पण तसं आहे. आधी शेजारपाजारच्या वाचनालयात विचारा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेलं सेंट्रल लायब्ररी तर आहेच, तिथे काय घेतात ते विचारायला काय हरकत आहे?

वह्या मात्र सगळ्या द्या, अर्ध्या लिहिलेल्यासुद्धा. मागची कोरी पानं आम्ही फाडून एका मापाची कापतो आणि शिवतो. गुरुवारी दुपारी दोन आज्या हेच करायला येतात, त्यांतल्या एकीचे डोळे गेलेत. ती बोटाने पान चाचपते आणि पेनचा दाब लागला की बाजूला काढते. तिच्या थप्पीत लिहिलेलं पान मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला वेळ असेल तर तुम्हीही या. सुईत दोरा ओवणारं कोणीतरी आम्हाला हवंच आहे.